मेंदीखालचं पुरळ

बरी होऊन घरी आल्यापासून मला भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच बोलतं. "बाई, वाचलात हो! देवाचीच कृपा." मी चहा टाकते, कपबशी पुढे करते आणि गप्प बसते. शाळेतल्या बाईंनी गावातल्या माणसांवर खेकसू नये, एवढं भान अजून शिल्लक आहे. पण आतून वाटतं, उठावं आणि म्हणावं, कृपा म्हणे! न्या ती तुमची कृपा तुमच्याच घरी.

आम्ही दोघी एकाच वेळी आजारी पडलो. मी आणि माझी मुलगी हर्षदा. एकाच गोठ्यात, एकाच दुपारी, एकाच किड्यामुळे. मी वाचले, हर्षू गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने शेवटपर्यंत आशा धरून बसू नये. मी बसले होते.

लिहायचं मनात नव्हतं. धुळ्याच्या डॉक्टरीणबाई पुढच्या तपासणीला म्हणाल्या, "तुम्ही शिक्षिका आहात, लिहा. आमचं कोण ऐकतं? तुमचं ऐकतील." मी म्हटलं, माझं वर्गातली पोरं ऐकत नाहीत, बाई. त्या हसल्या नाहीत. म्हणून लिहायला बसले. यात धीर देणारं फार काही सापडणार नाही. तसं हवं असेल तर दुसरं काही वाचा.

आखाजी

आमचं गाव अमळनेरजवळ. मी गावातच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हर्षूचे वडील ती कॉलेजात असतानाच गेले. पलीकडच्या गल्लीत माझा धाकटा भाऊ सुभाष राहतो, त्याचाच काय तो आधार. दारात एक गाय आणि तिचं वासरू. शिक्षिकेला गाय कशाला, असं सगळे विचारायचे. हर्षूला हवी होती म्हणून, एवढंच कारण. लग्न होऊन पोर जळगावला मेहरूणमध्ये गेली आणि गाय माझ्या गळ्यात राहिली.

लग्न हिवाळ्यात झालं होतं. त्यामुळे ही तिची पहिली आखाजी. बाहेरच्यांना सांगायला हवं : आमच्या खानदेशात सासरी गेलेल्या मुलीचा खरा सण म्हणजे आखाजी, अक्षय्य तृतीया. मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात, आणि कोपरापर्यंत मेंदी काढतात. पहिल्या आखाजीचं तर विचारूच नका. हर्षू सणाच्या आठवडाभर आधीच येऊन बसली. सासूबाईंनी थोडं नाक मुरडलं, पण पाठवलं.

आल्या आल्या ती गोठ्यात गेली आणि तिथूनच ओरडली, "मम्मी, अगं याच्या कानात बघ किती गोचीड! तू काही बघतेस की नाही?"

वासराचे दोन्ही कान आतून भरले होते. उन्हाळ्यात होतंच ते. मी म्हटलं, शाळा बघू की गोचीड बघू? मग दुपारी आम्ही दोघी खाली पोतं टाकून बसलो आणि गोचीड वेचले. आमच्याकडे ते कसे मारतात हे खेड्यातल्या कोणालाही विचारा. चिमटीत धरायचा, ओढायचा, आणि दोन्ही अंगठ्यांच्या नखांमध्ये दाबून फोडायचा. फट्‌कन आवाज आला की काम झालं. आम्ही लहानपणापासून असंच करत आलो. हर्षूला त्या आवाजाचीच मजा वाटायची. कुणाचा जास्त मोठा, अशी आमची शर्यतही लागली. हात रक्ताने माखले तर पदराला पुसले. संध्याकाळी तिच्या मानेला एक चिकटलेला सापडला, तो मी ओढून काढला आणि तसाच फोडला. मला कुठे चावला होता की नव्हता, कोण जाणे.

सणाच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या मुली मेंदीचे कोन घेऊन आल्या. हर्षूच्या हातांवर पुढून मागून, पायांवर, अगदी तळपायांवरही काढली. ती दुसऱ्या दिवशी इतकी गडद रंगली की सगळ्या पोरी तिला छळायला लागल्या. "काय गं हर्षाताई, जिजाजींचं प्रेम तर उतू चाललंय!" ती लाजून लाल झाली. मग माझा हात ओढून म्हणाली, "मम्मी, एक फूल तरी काढून घे. कोण काय म्हणतंय!" मी हात सोडवून घेतला. नवरा गेलेली बाई आमच्याकडे मेंदी लावत नाही. मला कोणी बंदी केली नव्हती, पण मी लावत नव्हते. "चल, चावटपणा पुरे," म्हणून मी सांजोऱ्या तळायला उठले.

ताप

सणाच्या दुसऱ्या दिवशी हर्षूचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी माझंही. साधं दुखणं नव्हे ते. डोळ्यांच्या मागे कोणी बोट घालून दाबतंय असं वाटत होतं. अंग असं मोडून आलं की कूस बदलताना मी मोठ्याने कण्हत होते. सगळे म्हणाले, ऊन लागलं. आखाजीला दिवसभर उन्हात झोके खेळल्यावर दुसरं काय होणार! गावातल्या डॉक्टरांनी दोघींना सुया टोचल्या, सलाईन लावलं. ताप उतरायचा आणि परत चढायचा.

तीन-चार दिवसांनी हर्षूच्या मनगटांवर आणि घोट्यांवर लाल ठिपके आले. मग दंडांवर, पोटऱ्यांवर, पोटावर. माझ्याही अंगावर तसेच, पण तिच्यानंतर. शेजारच्या कौसाकाकू बघायला आल्या आणि त्यांनी उंबऱ्यातच देवीपुढे जोडावेत तसे हात जोडले. त्या अहिराणीतच बोलायच्या.

"बाई, ह्या तर माता शेतस. आते सुई टोचू नका. लिंबना डहाळा बांधा दारले."

आता मी विज्ञान शिकवते. देवी, गोवर, कांजिण्या यांवर मीच वर्गात तक्ते लावलेत. मी काकूंना म्हटलं, "काकू, कृपा करा आणि घरी जा." पण बोलायला तरी किती बळ असणार अंगात? मी झोपून राहिले. सुभाषच्या बायकोने फोडणीचं बंद केलं, दाराला कडुलिंब बांधला, आमच्या उशाशी पाणी ठेवलं. तिचं चुकलं असं म्हणवत नाही. तिच्या माहेरी, तिच्या सासरी, सगळीकडे हेच करतात. अंगावर पुरळ उठलं की आधी देवीचं नाव येतं, दवाखाना नंतर. एक दिवस त्यात गेला. त्या एका दिवसावर मी नंतर खूप दात ओठ खाल्ले.

दोन गाड्या

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावहून निखिलराव, म्हणजे आमचे जावई, आणि विहीणबाई गाडी घेऊन आले. हर्षूला उठवेना. ती बडबडत होती, मध्येच ओळखत नव्हती. विहीणबाईंनी दाराचा लिंब पाहिला आणि त्यांचा पाराच चढला.

"धडधाकट पोर पाठवली होती आम्ही. काय केलंत हे?"

सुभाष म्हणाला, "अक्काले बी तोच ताप शे. दोघीसले धुळाले लयी जाऊत, एकच ठिकाने राहतीन."

"नाही," विहीणबाई म्हणाल्या. "सून आमची आहे. आमच्या ओळखीचे डॉक्टर आहेत जळगावला. आम्ही बघू."

लग्न झालेल्या मुलीचं दुखणं सासरचं, हे आमच्याकडे सगळ्यांना मान्य असतं. मलाही त्या क्षणी मान्यच होतं. उलट वाटलं, जळगाव मोठं शहर, चांगली व्यवस्था होईल. तरुण आहे, निभावेल. मलाच काही होईल अशी सगळ्यांना भीती होती.

तिला गाडीत मागच्या सीटवर आडवं केलं. मी खाटेवरूनच पाहत होते. तिने डोळे उघडले की नाही आठवत नाही. कितीदा आठवून पाहिलं, पण नाहीच आठवत. तापाने तेवढंही माझ्याकडे राहू दिलं नाही.

मला सुभाषने धुळ्याला नेलं. एकाच दिवशी एका दारातून दोन गाड्या दोन दिशांना गेल्या.

"हात बघू"

धुळ्याच्या दवाखान्यात पहिल्यांदा मला एका तरुण डॉक्टरांनी पाहिलं. त्यांनी डेंगीचा संशय घेतला. रक्त काढलं, कागद भरले, सलाईन लावलं. लघवी जवळजवळ बंद झाली होती. डोळे पिवळे. श्वास लागत होता. मी मरणार असं मला वाटलं आणि खरं सांगते, फार वाईटही वाटलं नाही. एवढं अंग दुखत असताना माणसाला जगण्याची हाव राहत नाही. फक्त हर्षूचं काय झालं हे कळायला हवं होतं.

मग मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी आधी पडदा ओढून घेतला आणि मला बगलेत, छातीखाली, जांघेत, केसांत सगळीकडे तपासलं. आयुष्यात नवऱ्याशिवाय कोणी पाहिलं नाही ते एका परक्या बाईने बॅटरी लावून पाहिलं. मला शरमेने मेल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, "लाजू नका. एक काळा डाग शोधतेय, भाजल्यासारखी खपली. गवतातल्या एका बारीक किड्याच्या तापात तो सापडतो." तो सापडला नाही.

मग म्हणाल्या, "हात बघू."

माझे दोन्ही हात पालथे पडले होते, ते मी उताणे केले. ट्यूबलाइटखाली माझे मलाच ते पहिल्यांदा नीट दिसले. मसुराच्या डाळीएवढे लाल-जांभळे ठिपके, तळव्याच्या मध्यापासून बोटांच्या पेरांपर्यंत. त्यांनी पायांवरचं पांघरूण वर केलं. तळपायांवरही तसेच.

"घरी जनावरं आहेत?"

सुभाष म्हणाला, "गाय शे. वासरू शे."

"गोचीड?"

मी मान हलवली. "फोडले," एवढंच बोलता आलं.

त्या लगेच सिस्टरकडे वळल्या आणि औषधाचं नाव सांगितलं. मग मला समजेल असं बोलल्या. हा गोवर नाही, गोवराचं पुरळ आधी कानामागे, तोंडावर येतं. कांजिण्यांत पाण्याचे फोड असतात, तेही नाहीत. डेंगीत तळहातांवर असे ठिपके सहसा दिसत नाहीत. हा गोचीडताप. तो गवतातल्या किड्याचा ताप याच्याच जातीतला, दोघांचं औषध एकच, म्हणून रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. पण गोवर किंवा डेंगी समजून चाललं, तर ते औषध दिलंच जात नाही. आणि औषध तरी काय, तर जुनी, साधी, कुठल्याही मेडिकलवर मिळणारी गोळी. मला गिळता येत नव्हती म्हणून ती नळीतून दिली, ते सुभाषने पाहिलं.

मी त्यांचा हात धरला. धरला म्हणजे काय, बोटं लावली. म्हटलं, "माझी मुलगी. जळगावला. तिलाही."

फोन

पुढचं मला सुभाषने नंतर सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला दारात नेऊन समजावलं. त्याने तिथूनच निखिलरावांना फोन लावला. निखिलराव धावत त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ते डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तळहातांवर, तळपायांवर पुरळ आहे का? असेल तर मी आत्ता सुरू करतो."

तेव्हा हर्षूच्या उशाशी विहीणबाई होत्या. त्यांनी सुनेचे हात उलटून पाहिले, पाय पाहिले. नर्सनेही पाहिले. मेंदी होती. गच्च, गडद, काळ्याकडे झुकलेली. बोटांच्या टोकांपासून मनगटांपर्यंत वेलबुट्टी, आणि तळपायांना सगळीकडे लेप.

"काही नाही," विहीणबाई म्हणाल्या. "मेंदी आहे नुसती."

निखिलरावांनी सुभाषला तेच सांगितलं. सुभाषने डॉक्टरीणबाईंना तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मेंदी? कधी काढली?" मग त्यांनी स्वतः जळगावच्या डॉक्टरांना फोन केला. ते राउंडला होते, मग ऑपरेशनला होते, मग फोन लागला. तोवर दुसरा दिवस उजाडला होता. तिकडे डेंगीचा रिपोर्ट नाही असा आला होता, तरी पेशी कमी होत्या म्हणून तेच उपचार चालू होते. सुभाष म्हणतो, त्या डॉक्टरांनी फोन ठेवल्या ठेवल्या औषध सुरू केलं. कापसाने मेंदी चोळून पाहिली म्हणे. मेंदी काय कापसाने जाते? पण त्यांनी नखाजवळच्या मोकळ्या जागेत बारकाईने पाहिलं आणि तिथे एक-दोन ठिपके दिसले.

उशीर झाला होता. किती उशीर, हे मला कोणी नीट सांगत नाही. मी विचारलं की सगळे म्हणतात, बाई, जर-तर करू नका. मी करते. घरात बसून दुसरं काय करणार?

दोष कोणाला द्यायचा, हेही मला ठरवता आलेलं नाही. विहीणबाईंना? त्यांनी जे दिसलं ते सांगितलं. मेंदी काढणाऱ्या मुलींना? त्या माझ्याच शाळेत शिकल्या. त्यांनी तर सगळं प्रेमानं केलं. आणि मी वाचले ते कशाने? शहाणपणाने नाही, शिक्षणाने नाही. विधवेने मेंदी लावू नये, या ज्या रूढीला मी वर्गात आणि बाहेर नावं ठेवत आले, तिच्यामुळे माझे हात कोरे होते म्हणून. याचा विचार करायला लागले की डोकं फिरतं. मी तो विचार फार वेळ करत नाही.

वॉर्ड

दवाखान्यात दिवस रात्र कळत नाही असं म्हणतात. मला तर फार चांगलं कळायचं. सकाळी झाडूवाली यायची, मग रक्त काढणारा मुलगा, मग चहा, मग राउंड. दुपारी नातेवाइकांना बाहेर काढायचे, संध्याकाळी परत आत घ्यायचे. किडनी सुधारेना म्हणून मशीनवर घेतलं. मशीनवर पडलेलं असताना माणूस फक्त छत पाहतो. छतावर एक ओल आलेली होती. तिच्यात मी दिवसभर आमच्या जिल्ह्याचा नकाशा पाहत होते. इकडे अमळनेर, इकडे जामनेर, इथे जळगाव.

रोज सुभाष आला की पहिला प्रश्न एकच. "हर्षू कशी शे?"

"बरी शे, अक्का. आते जेवाले लागनी."

"माले बोलू दे तिच्याशी."

"मोबाइल नेऊ देत नहीत तठे. तू तुनी तब्येत देख पहिले."

एकदा त्याने सांगितलं, तिने आमरस मागितला, डॉक्टर नको म्हणाले. मी म्हटलं, तिला कैरीचं लोणचंही आवडतं, तेही देऊ नका. त्याने मान डोलावली. सगळं आयुष्य पोरांची खोटी कारणं ओळखण्यात गेलं माझं. गृहपाठ न करणाऱ्या पोराचा चेहरा मी वर्गात शिरताच ओळखते. सुभाषचा चेहरा मला ओळखता आला नाही. कदाचित ओळखायचाच नव्हता.

एकदा विहीणबाईंचा माझ्या वहिनीला, सुभाषच्या बायकोला, फोन आला होता. ती वॉर्डाबाहेर बोलत होती, पण आवाज आत येत होता. "ती माहेरी गेलीच नसती तर हे झालं नसतं, असं म्हणू नका, विहीणबाई." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. आत आली तेव्हा डोळे सुजलेले. मी विचारलं तर म्हणाली, ऊन फार आहे बाहेर.

चांगलं काहीच झालं नाही असं लिहिणं खोटं ठरेल. एक आया होती, साक्रीकडची. माझे केस गुंतून जटा झाल्या होत्या. ती दुपारी वेळ काढून खोबरेल लावून एकेक बट सोडवायची आणि म्हणायची, "इतका लांब केस शेतस, कापाले जीव होत नही." तिने मला तिचं नाव सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिच्या बोटांमुळे मला पहिल्यांदा झोप लागली. मशीन बंद झालं तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने मला साखर दिली, कागदाच्या पुडीत, चिमूटभर.

आणि एके दिवशी संध्याकाळी मी पहिल्यांदा उठून बसले. भिंतीला टेकून. मला भूक लागली, खरी भूक. मी मुगाची खिचडी खाल्ली आणि वहिनीला म्हटलं, "अजून दे." वॉर्डातल्या बायका हसल्या. वहिनीने ताट घेतलं आणि बाहेर गेली, बराच वेळ आलीच नाही. त्या सकाळी जळगावला हर्षूला अग्नी दिला होता. हे मला नंतर कळलं. मी त्या दिवशी दोनदा खिचडी मागून घेतली होती.

हे ऐकून ठेवा

कोणाला उपयोग झाला तर होवो. नाही झाला तर निदान मी सांगितलं होतं एवढं राहील.

जनावराचा गोचीड नखाने फोडू नका. आपले बाप-आजे फोडत आले, त्यांना काही झालं नाही, हे मला सांगायला येऊ नका. चिमट्याने काढा, साबणाच्या पाण्यात टाका, हात धुवा. अंगाला चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, चिरडू नका. ताप आणि डोकेदुखीत अंगावर ठिपके उठले तर दारावर लिंब बांधून वाट पाहू नका. लिंब बांधायचाच तर बांधा, पण गाडी बोलावून मग. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा की घरी गाय आहे, कुत्रं आहे, शेतात, गवतात वावर आहे. आणि आजारी बाईच्या हातापायांना मेंदी असेल, तर ओरडून सांगा, मेंदीखाली काय आहे ते आम्हाला दिसत नाही. "काही नाही" म्हणू नका. दिसत नाही म्हणजे नाही, असं होत नाही.

कुठली गोळी, किती, कधी, हे डॉक्टरच ठरवतील. माझं वाचून मेडिकलवर जाऊ नका. एवढं सांगून थांबते. मला आता शिकवायचा कंटाळा येतो.

पारोळा

मला घरी सोडलं त्या दिवशी ऊन रणरणत होतं. सुभाषने ओळखीच्या माणसाची गाडी आणली होती, स्वतःच चालवत होता. वहिनी मागे माझ्याजवळ. मी म्हटलं, "गावी नंतर. आधी जळगावला चल. तिला पाहून मग घरी."

"अक्का, तुले झेपावनं नही. दोन-चार दिनमा जाऊत."

"सुभाष, शाळेतली बाई मी शे की तू शेस? चल म्हटलं ना!"

धुळ्याहून जळगावचा रस्ता पारोळ्यावरून जातो आणि तिथूनच अमळनेरला फाटा फुटतो. पारोळ्याच्या अलीकडे त्याने गाडी चहाच्या टपरीपाशी थांबवली. मला वाटलं, चहा प्यायचाय. मी खूश झाले. दवाखान्यातला पांचट चहा पिऊन कंटाळले होते. त्याने तीन कप आणले, माझा माझ्या हातात दिला, आणि गाडीच्या उघड्या दाराला टेकून उभा राहिला. त्याचा स्वतःचा कप तसाच. वहिनीने माझा हात धरला.

"काय झालं?" मी म्हटलं.

तो रस्त्याकडे बघत राहिला.

"सुभाष. काय झालं?"

"अक्का," तो म्हणाला, "हर्षू नही शे."

मी त्याला काही विचारलं नाही. कशी, कधी, तेव्हा कोण होतं, काही नाही. तोंडातून वेगळंच आलं. म्हटलं, "माले काबर नही सांगं?"

"डाक्टरनी सांगेल व्हतं, अक्काले सांगू नका. तू बी गयी असती." तो रडत होता, भर रस्त्यावर, ट्रकवाले बघत होते.

"अग्नी कोणी दिला?"

"जावईनी."

"तिला आंघोळ कोणी घातली?"

वहिनी म्हणाली, "मी होते, बाई. मी गेले होते जळगावला."

"कोणतं लुगडं नेसवलं?"

"आखाजीचं. तुम्ही घेतलेलं."

मी मान हलवली. मग आठवत आठवत एकेक विचारत गेले, वर्गात हजेरी घेतात तसं. राख सावडली का. दहावं केलं का. तेराव्याला कोण कोण आलं. माझ्याकडून कोणी होतं का. सुभाष प्रत्येक वेळी मान हलवत होता, हो, हो, हो. शेवटी त्याच्यानेच राहवेना. तो खाली बसला, माझ्या चपलांपाशी, आणि म्हणाला, "बठ्ठं व्हई गयं, अक्का. आते काहीच राहिनं नही."

चहा निवला होता. मागून ट्रकांचे हॉर्न येत होते. तो उठला, डोळे पुसले, पुन्हा स्टिअरिंगवर बसला आणि चावी फिरवून थांबला.

"आते कथा जावानं, अक्का?"

कुठे जायचं? पुढे दोन रस्ते होते. गावाकडचा आणि जळगावचा. जळगावला आता माझं कोणीच नव्हतं.